अजगराचं मांस खावं का? आधी विचारू, अजगर कुठला?



आजची पोस्ट माझ्या एका चुकीपासून सुरू होते.

मागच्या महिन्यात आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मामेभावाने एक फोटो टाकला. दादा फ्लोरिडात राहतो. शेजाऱ्याने त्याला पॅक केलेलं मांस दिलं होतं, स्वतः पकडलेल्या अजगराचं. खाली माझ्यासाठी प्रश्न होता, "तू माशांतला पारा मोजतेस ना? मग सांग, हे चालेल का?"

मी बसमध्ये होते. २०२४ मध्ये अजगरपालनावरचा एक पेपर बराच गाजला होता, त्याच्या बातम्या डोक्यात होत्या. उत्तर टाकून दिलं, "चालेल की दादा. अजगराचं मांस चिकनपेक्षा पर्यावरणाला बरं, असा पेपर आलाय. फक्त नीट शिजव." ग्रुपवर चार-पाच अंगठे आले. मग मामीचा मेसेज आला, "अगं, सूनबाईला सातवा महिना आहे. तिने खाल्लं तर चालेल ना?"

तेव्हा कुठे मी पेपर उघडला. म्हणजे उत्तर आधी दिलं आणि वाचलं नंतर. अर्ध्या तासात दादाला फोन केला, "वहिनीला अजिबात देऊ नकोस, आणि तूही थांब." तो म्हणाला, "अगं, मगाशी तर पेपर आलाय म्हणालीस!"

पेपर आला होता हे खरंच. पण तो या अजगराबद्दल नव्हता. या विषयावर जी साखळी सगळीकडे ऐकू येते ती साधारण अशी: फ्लोरिडात अजगर फार झालेत, ते तिथले प्राणी संपवतायत, शिकार केली की ते कमी होतील, त्यांचं मांस चांगलं असल्याचं विज्ञानाने दाखवलंय, म्हणून मारा आणि खा. ऐकायला एकसंध वाटते. पण हिची प्रत्येक कडी वेगळ्या अभ्यासातून आलेली आहे आणि प्रत्येक अभ्यासातला अजगर वेगळा आहे. एकेक कडी तपासून बघू.

पहिली कडी: अजगरांनी प्राणी संपवले

हा आहे बर्मी अजगर, पायथॉन बिविटॅटस. मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला, आपल्या ईशान्य भारतातही आढळणारा. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून तो अमेरिकेत गेला. काही लोकांनी सोडून दिले, काही निसटले. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात एक प्रजननकेंद्र उद्ध्वस्त झालं आणि तिथूनच सगळे अजगर आले, ही गोष्ट फार सांगितली जाते. पण एव्हरग्लेड्सच्या दलदलीत अजगर त्याच्या आधीही दिसले होते. २००० च्या सुमारास ते तिथे प्रजनन करून स्थिरावल्याचं मान्य झालं.

या विषयातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा पेपर २०१२ चा आहे, डॉर्कस आणि सहकाऱ्यांचा, 'पीएनएएस'मधला. २००३ ते २०११ या काळात त्यांनी रात्री रस्त्यांवरून गाडी चालवत सुमारे ५७ हजार किलोमीटरमध्ये दिसलेले प्राणी मोजले आणि १९९६-९७ च्या तशाच नोंदींशी तुलना केली. रॅकून ९९.३ टक्के, ओपॉसम ९८.९ टक्के आणि बॉबकॅट ८७.५ टक्के कमी दिसले. ससे तर दिसलेच नाहीत.

इथे पेन हातात घ्या. ९९.३ टक्के हा आकडा कशाचा आहे? प्राणी दिसण्याच्या प्रमाणाचा. तो प्राण्यांच्या एकूण संख्येचा नाही. बातम्यांनी मात्र '९९ टक्के रॅकून नष्ट' असं छापलं. लेखकांनी शीर्षकातच सांभाळून लिहिलंय की ही घट अजगरांच्या वाढीशी एकाच काळात 'जुळून' आली आहे. जुळणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. रोगाची साथ किंवा पाण्याच्या पातळीतला बदल हीसुद्धा कारणं असू शकली असती. पेपरच्या बाजूने एक जमेची गोष्ट म्हणजे जिथे अजगर अजून पोचले नव्हते किंवा नुकतेच पोचले होते, तिथे हे प्राणी जास्त दिसत होते. पण तोही अप्रत्यक्षच पुरावा.

ही फट २०१५ च्या मॅक्लीरी आणि सहकाऱ्यांच्या पेपरने बऱ्याच अंशी बुजवली. त्यांनी दलदलीतल्या सशांना रेडिओ कॉलर लावून राष्ट्रीय उद्यानात सोडलं आणि कोण कशाने मरतं ते बघितलं. अकरा महिन्यांत जेवढे ससे मेले, त्यातले ७७ टक्के अजगरांनी खाल्ले होते. उद्यानाबाहेरच्या तुलनेच्या जागी सशांचे शत्रू मुख्यतः सस्तन प्राणी निघाले. कॉलर अजगराच्या पोटात सापडणं हा रस्त्यावरून मोजण्यापेक्षा फार वेगळ्या ताकदीचा पुरावा आहे.

म्हणजे पहिली कडी पक्की. फक्त ती एका पेपरने पक्की झालेली नाही. रिव्ह्यू लिहिताना नुसतं २०१२ वर थांबू नका, ही जोडी एकत्र वाचा.

दुसरी कडी: शिकारीने ते कमी होतात

फ्लोरिडात 'पायथॉन चॅलेंज' नावाची स्पर्धा होते. २०१३ ला पहिली झाली, तेव्हा महिनाभरात सुमारे १६०० लोकांनी मिळून ६८ अजगर पकडले. २०२३ ला २०९, २०२४ ला १९५ आणि २०२५ ला दहा दिवसांत २९४. शेवटचा आकडा विक्रमी म्हणून गाजला.

पण विक्रम कशाचा? वर अंश आहे, खाली छेद नाही. एकूण अजगर किती ते कोणाला नक्की मोजता आलेलं नाही. अंदाज हजारोंच्या घरात, 'किमान दहा-वीस हजार' अशा भाषेत दिले जातात. कारण हा साप दिसतच नाही. त्याच्या शोधशक्यतेचा, म्हणजे साप तिथे असताना तो शोधणाऱ्याच्या नजरेला पडण्याच्या शक्यतेचा, अंदाज एक टक्क्याहून कमी आहे. शंभर अजगरांवरून तुम्ही चालत गेलात तर एखादाही दिसेलच असं नाही.

अशा वेळी पकडलेल्यांची संख्या वाढली तर त्याचे निदान चार अर्थ निघतात: अजगर वाढले, शिकारी वाढले, शिकारी हुशार झाले, किंवा त्या आठवड्यात हवा अजगरांना बाहेर काढणारी होती. किती माणसांनी किती तास शोधलं, त्या मेहनतीने भागल्याशिवाय आकडा मुका राहतो. मत्स्यशास्त्रातल्या मंडळींना हे पहिल्या वर्षीच शिकवतात. आपल्यासारखे बाकीचे विसरतो.

याचा अर्थ शिकार निरुपयोगी आहे असा मात्र काढू नका. २०१७ पासून पगारी शिकारी वर्षभर काम करतायत आणि २००० पासून वीस हजारांहून जास्त अजगर काढले गेलेत. दुसरी पद्धत मला जास्त आवडते. काही नर अजगरांच्या शरीरात ट्रान्समीटर बसवून त्यांना सोडतात. विणीच्या हंगामात ते स्वतःच माद्यांपर्यंत घेऊन जातात. नैऋत्य फ्लोरिडात याच पद्धतीने ९७ किलोची एक मादी सापडली, तिच्या पोटात १२२ अंडी तयार होत होती. अशी एक मादी काढणं आणि रस्त्याकडेची पिल्लं मोजणं यांची तुलना डोक्यांच्या संख्येवर करून चालत नाही.

म्हणून या कडीबद्दल मी एवढंच म्हणेन: स्पर्धेने लोक जागे होतात आणि काही साप जातात. संख्या कमी होते का, हे स्पर्धेच्या आकड्यांवरून कळत नाही.

तिसरी कडी: विज्ञानाने मांस चांगलं ठरवलं

आता तो पेपर, ज्याच्या जिवावर मी बसमधून सल्ला दिला. नॅटुश आणि सहकारी, मार्च २०२४, 'सायंटिफिक रिपोर्ट्स'. थायलंड आणि व्हिएतनाममधल्या दोन फार्मवर बर्मी आणि जाळीदार अजगर मिळून ४६०१ सापांची वाढ त्यांनी वर्षभर मोजली. त्यातल्या छोट्या गटावर खाद्याचं मांसात रूपांतर किती होतं ते बघितलं. कोरड्या वजनाच्या हिशेबाने हे गुणोत्तर १.२ आलं, म्हणजे कोंबडी, डुक्कर, गुरं यांच्यापेक्षा सरस. चार महिन्यांपर्यंत उपाशी राहूनही काही सापांचं वजन फारसं घटलं नाही.

पेपर चांगला आहे. सॅम्पल मोठं आहे, प्रश्न मर्यादित आहे, उत्तर मापात आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा: 'कोरड्या वजनाच्या हिशेबाने' हे शब्द बातमीत गळून जातात. कोंबडीचा आकडा कुठल्या पायावर काढलाय ते बघितल्याशिवाय दोन गुणोत्तरं शेजारी मांडू नका.

पण माझी खरी चूक याच्या आधीची आहे. या पेपरचा प्रश्न होता, बंदिस्त अजगर कमी खाद्यात लवकर वाढतात का? पारा मोजलेला नाही, परजीवी मोजलेले नाहीत. आणि ते साप कोणते? माणसाने दिलेलं खाद्य खाऊन पहिल्या वर्षातच वाढलेले. दादाच्या फ्रीजमधला अजगर किती वर्षांचा होता, दलदलीत काय काय खाऊन मोठा झाला, याची त्या पेपरला कल्पनाच नाही. प्रजात एकच, पण सॅम्पल म्हणून दोघांचा संबंध नाही.

मराठीत तर हा घोळ आणखी सोपा होतो, कारण आपल्याकडे सगळेच 'अजगर'. ताडोबातला अजगर, बर्मी अजगर, जाळीदार अजगर, फार्मवरचा, जंगलातला, सगळ्यांना एक शब्द. 'अजगराचं मांस पर्यावरणपूरक' असा मथळा छापला की वाचणाऱ्याला कुठल्या अजगराचं, हा प्रश्नच पडत नाही. मलाही पडला नाही, आणि मी या विषयात पीएचडी करते.

चौथी कडी: पारा

एव्हरग्लेड्समध्ये पारा मुख्यतः हवेतून, पावसाबरोबर येतो. दलदलीच्या चिखलात ऑक्सिजन नसलेल्या थरांत सल्फेट वापरणारे जिवाणू राहतात, ते त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. वरच्या बाजूच्या ऊसशेतीतून वाहून येणारं सल्फेट या कामाला हातभार लावतं. मिथाइल पारा प्रथिनांना चिकटतो आणि शरीरातून फार हळू बाहेर पडतो. शेवाळापासून किड्यात, किड्यापासून माशात, माशापासून पक्ष्यात, पक्ष्यापासून अजगरात, असा पायरीपायरीने तो साठत जातो. आपल्याकडे बोईटापेक्षा मुशीत पारा जास्त असण्याचं कारण हेच. अजगर या साखळीच्या वरच्या टोकाला बसलाय आणि वर्षानुवर्षं जगतो.

एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातल्या अजगरांच्या स्नायूंत पारा फार निघाला. अमेरिकेत माशांसाठी १ पीपीएम मिथाइल पारा ही कारवाईची मर्यादा आहे. हे साप सरासरीनेच तिच्या बरेच वर गेले. हे वाचून 'अजगर विषारी, खाऊ नका' असा निष्कर्ष काढायला आपण मोकळे होतो. पण २०१९ मध्ये रम्बोल्ड आणि बार्तोशेक यांनी नैऋत्य फ्लोरिडातले अजगर तपासले, तर तिथली सरासरी उद्यानातल्या सापांपेक्षा खूपच कमी आली. सापासापांत फरकही मोठा होता.

राज्य एक, साप एक, पण दलदल वेगळी. म्हणजे 'फ्लोरिडाच्या अजगरात पारा असतो' आणि 'फ्लोरिडाच्या अजगरात पारा नसतो' या दोन्ही वाक्यांना एकेक अभ्यास दाखवता येतो. शिकारी पहिला दाखवणार नाही, घाबरलेला माणूस दुसरा दाखवणार नाही.

आता थोडं गणित, कारण 'जास्त' आणि 'कमी' यांनी मामीच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मिथाइल पाऱ्याचा संदर्भ डोस दर किलो वजनाला रोज ०.१ मायक्रोग्रॅम ठरवलाय. साठ किलोच्या माणसाला रोज ६ मायक्रोग्रॅम. मांसाचा तुकडा १५० ग्रॅमचा धरू, आणि त्यातला सगळा पारा मिथाइल रूपात आहे असंही धरू.

मांसात ०.१ पीपीएम असेल तर १५ मायक्रोग्रॅम पोटात जातील, म्हणजे अडीच दिवसांचा कोटा.

१ पीपीएम असेल तर १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंचवीस दिवसांचा.

५ पीपीएम असेल तर ७५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सव्वाशे दिवसांचा, एका जेवणात.

संदर्भ डोस ओलांडला की माणूस लगेच आजारी पडतो असं नाही, तो मुद्दाम सुरक्षित बाजूला ठेवलेला आकडा असतो. पण तो कुणासाठी सुरक्षित बाजूला ठेवलाय? मुख्यतः पोटातल्या बाळासाठी. मिथाइल पारा वारेतून पलीकडे जातो आणि मेंदू घडत असताना त्याला इजा करतो. मिनामाताची आठवण अजून पुसलेली नाही. वहिनीसाठी म्हणूनच माझं उत्तर 'चाचणी करून बघू' असं नव्हतं, थेट 'नको' होतं.

आणि माझं ते 'नीट शिजव'? पाऱ्यावर त्याचा काही उपयोग नाही. तो तळून जात नाही, उकळून जात नाही. चरबी काढून टाकली तरी जात नाही, कारण तो चरबीत नसून स्नायूंच्या प्रथिनांत असतो. उलट शिजवताना पाणी उडालं की दर ग्रॅममागे त्याचं प्रमाण वाढतंच.

शिजवून जातं ते काय

नीट शिजवल्याने जिवाणू आणि परजीवी मरतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला सर्रास असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००७ मध्ये या मांसाच्या धोक्यांचा आढावा घेतला, तेव्हा जिवाणूंमध्ये साल्मोनेलाच सर्वांत वर होता. पोट साफ करताना तो मांसावर, सुरीवर, ओट्यावर येतो. मांस शिजतं, पण शेजारी चिरून ठेवलेली काकडी शिजत नाही.

परजीवींचं प्रकरण अभ्यासक म्हणून मला जास्त रंजक वाटतं. बर्मी अजगरांनी आशियातून रेलिएटिएला ओरिएंटॅलिस नावाचा फुप्फुसात राहणारा परजीवी फ्लोरिडात नेला आणि तो आता तिथल्या देशी सापांत पसरलाय. म्हणजे अजगर न खाताही देशी साप मारतोय. याच्याच दूरच्या नात्यातले आफ्रिकेतले आर्मिलिफर परजीवी कच्चं-अर्धकच्चं सापाचं मांस खाल्ल्याने माणसांत गेल्याच्या नोंदी आहेत. स्पार्गॅनम ही फीतकृमीची अळीसुद्धा सापांच्या मांसातून माणसात येऊ शकते. यांच्यावर उष्णता चालते. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस, हा कोंबडीसाठीचा नियम इथेही धरायला हरकत नाही.

म्हणून 'सुरक्षित आहे का' हा एक प्रश्न नाही. शिजवून जाणारे धोके आणि न जाणारे धोके असे दोन रकाने करा. माझं उत्तर पहिल्या रकान्यातलं होतं, दादाचा प्रश्न दुसऱ्या.

'खाऊन संपवू' ही कल्पना

समजा पारा नाहीच. तरी खाऊन प्रजात संपते का? २०१२ मध्ये नुनिएज आणि सहकाऱ्यांनी आक्रमक प्रजाती खाण्याच्या कल्पनेवर एक विचार करायला लावणारा लेख लिहिला. मुद्दा सोपा आहे: ज्या गोष्टीला बाजार मिळतो ती संपावी असं बाजाराला वाटत नाही. मांसाला भाव आला की कोणीतरी नव्या जागी साप सोडेल, कोणीतरी छोटे साप 'मोठे होऊ दे' म्हणून सोडून देईल. फ्लोरिडात असं झालंय असं मी म्हणत नाही. पण योजना आखणाऱ्याने हे आधी विचारात घ्यायला हवं.

आणि हे वाचून कोणी आपल्याकडे उत्साह दाखवू नये. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला मारणं गुन्हा आहे आणि आपल्याकडे तो इथलाच आहे. बर्मी अजगरही त्याच्या मूळ प्रदेशात घटतोय, जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. एकच प्रजात एका खंडात नकोशी आणि दुसऱ्या खंडात जपण्याजोगी. इथेही तोच प्रश्न, अजगर कुठला?

तुमच्यासाठी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी खाडीतल्या बोईटांचे आकडे घेऊन गाईड मॅडमकडे धावत गेले होते. पारा मर्यादेच्या चौपट! मॅडमनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "हे वजन ओलं की कोरडं?" मी मासे वाळवून मोजले होते आणि मर्यादा ओल्या वजनाची होती. माशात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. चौपट सगळी त्या पाण्यातच गेली. त्या दिवशी शिकलेली गोष्ट मी बसमध्ये विसरले.

म्हणून कुठलाही पेपर उद्धृत करण्याआधी वहीच्या समासात तीन गोष्टी लिहीत जा. सॅम्पल कुठलं आहे, जागा, वय आणि खाद्यासकट? नेमकं काय मोजलंय, आणि कुठल्या एककात? माझा प्रश्न त्यांच्या प्रश्नासारखाच आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर पेपर कितीही चांगला असो, तुमच्या वाक्याला तो आधार देत नाही.

दादाने ते मांस अजून फ्रीजरमध्ये ठेवलंय. साप नेमका कुठे पकडला, हे शेजाऱ्याला विचारून मला सांग, असं मी त्याला म्हटलंय. त्या सापाचं मांस प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मी 'चालेल' म्हणणार नाही. शेजाऱ्याने विचारायच्या आत सांगून टाकलं, "एव्हरग्लेड्सच्या बाजूला कुठेतरी." एवढ्या पत्त्यावर मी आता पीपीएमचा अंदाजही करणार नाही.

ग्रुपवर मी माझा जुना मेसेज डिलीट केलेला नाही. त्याच्याच खाली नवा लिहिलाय. मामीने त्याला अंगठा दिलाय.